पीएचडी झाली, आता माळावर पुढे काय?

जूनच्या अंकातल्या माळरानांवरच्या लेखात मी लिहिलं होतं की दख्खनच्या गवतावर काम करायला पीएचडी झालेली माणसं हवी आहेत आणि ती मिळत नाहीत. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: माणसं आहेत, वाट सापडत नाही. म्हणून या महिन्याचं सदर पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी मिळणाऱ्या संशोधनाच्या कामाच्या, प्रश्नांना दिलं आहे. मी मूळची माण तालुक्यातली. पीएचडी पुण्यात केली, पोस्टडॉक दक्षिण आफ्रिकेत वणव्यावर केलं आणि आता पुन्हा याच पठारावर गवत मोजते. जे सांगते आहे ते त्या कामातून आलेलं आहे.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या गवतांच्या वर्गीकरणावर माझी पीएचडी झाली. सध्या तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते. वय ३२. गवताळ परिसंस्थेवर पोस्टडॉक करायचं आहे, पण माझं काम हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांचं, आणि संख्याशास्त्र कच्चं. परिसंस्थेवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा मला विचारतील का? पैसे किती मिळतात हेही कुणी धड सांगत नाही. सोबत मेलचा मसुदा जोडला आहे.
— एक वाचिका, सांगोला

उत्तर: विचारतील. तुम्हाला जे कमी वाटतं आहे तेच तुमचं भांडवल आहे.

ऑगस्टमध्ये माळावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून बसा. गवत गुडघ्याखाली, तुरा अजून आलेला नाही. अशा वेळी त्या चौकटीत शेडा किती, मारवेल किती, पवन्या किती आणि कुसळी किती हे सांगणारी माणसं फार थोडी आहेत. पान खोडाला जिथे मिळतं तिथला पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर, पेरावरची लव, पान चुरगळल्यावरचा वास, एवढ्यावर तुम्ही ते ओळखता. मी चांगल्या चांगल्या प्रकल्पांच्या तक्त्यांत ‘गवत १’, ‘गवत २’ अशा नोंदी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर कितीही देखणं गणित चढवलं तरी चराईने नेमकं कोणतं गवत मागे हटलं ते कळत नाही.

आणि आपल्या पठारावर हाच प्रश्न कळीचा आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातल्या गवताळ आच्छादनाचे पाच मोठे प्रकार मांडले. त्यात दख्खन सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो, म्हणजे शेडा आणि मारवेल. चराईचा ताण वाढला की शेडा मागे पडतो, कुसळी पुढे येते, आणि ताण फारच झाला की अॅरिस्टिडासारखी निकृष्ट गवतं उरतात. लांबून पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी हिरवंच दिसतं. उपग्रहालाही बहुतेक वेळा तसंच दिसतं. फरक दिसतो तो तुमच्यासारख्या माणसाला.

पोस्टडॉकसाठी या ओळखीतून एक प्रश्न काढावा लागेल. पीएचडीचंच पुढचं प्रकरण लिहायला कुणी पैसे देत नाही. एक उदाहरण देते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये गवताचे जुने नमुने आहेत, त्यांच्या चिठ्ठीवर गावाचं नाव आणि तारीख आहे. त्या गावांच्या माळांवर आज काय उगवतं हे ताडून पाहिलं तर बदलाचा एक नकाशा तयार होतो. वर्गीकरण येणाऱ्यालाच तो करता येईल.

संख्याशास्त्राचं म्हणाल तर आर ही संगणकीय भाषा शिका, आणि शिकताना स्वतःच्या पीएचडीचीच आकडेवारी वापरा. पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा आपल्या चौकटींचे आकडे लवकर शिकवतात. मिश्र परिणामांची मॉडेल्स (एकाच माळावरच्या चौकटी एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात हे हिशेबात धरणारी पद्धत) समजली की गवताच्या कामातला मोठा भाग हाताशी आला. उरलेलं त्या त्या गटात गेल्यावर येतं.

जागांबद्दल. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, महेश शंकरन आणि जयश्री रत्नम यांनी सव्हानांवर, म्हणजे गवत आणि विरळ झाडं असलेल्या रानांवर, बरीच वर्षं काम केलं आहे. वणवा, चराई, पाऊस यांची गवत आणि झाडांतल्या समतोलावर काय सत्ता चालते हे शिकायचं तर तिथलं काम आधी वाचा. त्याच शहरातल्या अत्री या संस्थेत माणसं, जनावरं आणि मोकळी रानं यांचा एकत्र विचार होतो. भारतीय विज्ञान संस्थेचं परिसंस्थाशास्त्र केंद्र, पुणे आणि तिरुपतीच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. एक नाव मात्र परिसंस्थावाले विसरतात आणि तुम्ही विसरू नये: झांशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था. १९६२ पासून ती गवतावरच काम करते आहे, तिचं एक प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे, आणि बियाणं, वाण, वैरणीचं उत्पन्न यांबद्दलचं तिथलं ज्ञान माळ पुन्हा उभा करण्याच्या कामात थेट उपयोगी पडतं.

आता पैसे. दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे एखाद्या चालू प्रकल्पातली रिसर्च असोसिएटची जागा. केंद्राच्या २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे तिथे श्रेणीनुसार दरमहा ५८, ६१ किंवा ६७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता. प्रकल्प दुसऱ्याचा असतो, तेव्हा प्रश्नही बराचसा त्याचा असतो. दुसरा रस्ता स्वतःच्या नावाची फेलोशिप. पूर्वी एसईआरबी हे केंद्राचं संशोधन मंडळ देत असे ती राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. मुदत दोन वर्षं, वयाची अट ३५, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. नियमित पदावरचा मार्गदर्शक लागतो आणि संशोधनाच्या खर्चासाठी वेगळं अनुदान मिळतं. आयुष्यात एकदाच मिळते, म्हणून घाईने अर्ज करून ती संधी खर्च करू नका. अटी आणि रकमा त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा, कुणाच्या सांगण्यावरून नको. माझा सल्ला: आधी प्रकल्पातल्या जागेवर एक पावसाळा काढा, त्या काळात प्रस्ताव लिहा, मग फेलोशिप मागा. तासिकांच्या मानधनावर वाट पाहत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आणि तो मसुदा. त्याची सुरुवात अशी आहे: ‘आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन.’ हे वाक्य काढा. त्याजागी असं काही लिहा: ‘सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतल्या गायरानांवरची गवतं मी तुऱ्याशिवाय ओळखू शकते. तिथे चराईबंदीचे आणि खुल्या चराईचे तुकडे शेजारी शेजारी आहेत. चराई थांबल्यावर शेडा परत येतो का, आणि येत नसेल तर बी संपलं म्हणून की माती बदलली म्हणून, हे मला तपासायचं आहे. आपल्या गटात मातीतल्या बीजसाठ्यावर काम होतं, म्हणून आपल्याला लिहिते आहे.’ एवढं पुरे. सोबत दोन पानी माहितीपत्रक आणि तुमचा सगळ्यात चांगला एक शोधनिबंध जोडा. तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. या लोकांच्या मेलपेटीत रोज ढिगाने अर्ज येतात, गप्प राहणं म्हणजे नकार असं धरू नका. आणि एकच मजकूर वीस जणांना पाठवू नका, तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

प्रश्न: गेली अनेक वर्षं शाळेच्या मुलांना घेऊन गावच्या माळावर झाडं लावली. तुमच्या लेखात माळ मोकळा ठेवा असं वाचलं आणि वाईट वाटलं. ओसाड जमिनीवर संशोधन करण्यात तरुणांनी उमेदीची वर्षं का घालवावीत?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, म्हसवड

उत्तर: गुरुजी, तुमच्या भागात मी लहानाची मोठी झाले. तुमच्यासारख्या शिक्षकांनीच आम्हाला उन्हातान्हात रोपांना पाणी घालायला शिकवलं, आणि त्याबद्दल मनात आदरच आहे. ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात, बांधावर, गावठाणात झाडं लावाच. माळाबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडते.

माळ ओसाड नाही. दख्खनचा हा भाग जंगल तोडून उघडा पडला असं आपण शाळेत शिकलो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली पीपल अँड नेचर या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, लोकगीतं, संतचरित्रं, आख्यायिका धुंडाळून त्यांत आलेल्या रानवनस्पतींची यादी केली. बहुतेक वनस्पती निघाल्या मोकळ्या, गवताळ, काटेरी रानातल्या. तुमच्या जवळच्या शिखर शिंगणापूरच्या परिसराचं वर्णनही त्यात येतं: भूमी सुंदर, पण झाडं नाहीत. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला माळ किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. यादवांच्या काळापासून जी जमीन अशी आहे तिला बिघडलेलं जंगल म्हणून दुरुस्त करायला निघणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतल्या सव्हानांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर झाडोरा किती वाढणार हे मुख्यतः पाण्यावर ठरतं. त्याच्या वर पाऊस असेल तर रान मोकळं राहायला वणवा आणि चराई लागते. माणचा पाऊस त्या रेषेच्या बराच खाली आहे. तिथे सलग समतल चर खणून ग्लिरिसिडिया लावला की पहिल्यांदा मरतं ते शेकडो वर्षं रुजलेलं गवत, आणि चराच्या ढिगाऱ्यावर ते सहजी परत येत नाही. चंडोल, धाविक, माळढोक हे पक्षी जमिनीवर, उघड्यावर अंडी घालतात. खोकड आणि लांडगा याच रानात पिल्लं वाढवतात. वनस्पतींचं सांगायचं तर भारतीय द्वीपकल्पाच्या सव्हानांत, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या २०६ जातींची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या ४० टक्क्यांहून अधिक जाती मागच्या दोन दशकांत पहिल्यांदा विज्ञानाच्या नोंदीत आल्या. ज्या जमिनीला सरकारी नकाशा ‘पडीक’ म्हणतो तिथे आजही नव्या जाती सापडत आहेत!

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या अर्धशुष्क मोकळ्या नैसर्गिक रानांचा नकाशा केला. ही रानं देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत आणि त्यांतला पाच टक्क्यांहून कमी भाग अभयारण्यांत किंवा राष्ट्रीय उद्यानांत येतो. बाकीचा वृक्षारोपण, सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहत, रस्ता यांच्यासाठी ‘मोकळी जागा’ म्हणून उपलब्ध. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडांची मोहीम झाली. अशा मोहिमेला जागा लागते, आणि जागा म्हटली की बोट माळाकडे जातं. त्या वेळी ‘इथे नको, तिथे लावा’ असं पुराव्यासह सांगणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात असायला हवीत. तरुणांनी उमेदीची वर्षं त्यासाठी घालावीत.

तुमच्या मुलांसाठी एक काम सुचवते. पावसाळ्यात माळाचा एक तुकडा निवडून त्यात किती प्रकारची गवतं, किती फुलं, किती पक्षी दिसतात याची वही ठेवा. सांगोल्याच्या ज्या वाचिकेचं पत्र वर आलं आहे तिच्यासारख्या संशोधकाला अशी वही सोन्यासारखी आहे.

प्रश्न: माझी पीएचडी समाजशास्त्रातली, मेंढपाळ धनगरांच्या स्थलांतरावर. माझ्या घरातच वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा तांडा, होता. गवताच्या संशोधनात माझ्यासारख्याला जागा आहे का, की ते फक्त सायन्सवाल्यांचं?
— एक वाचक, पारनेर

उत्तर: आहे, आणि मला तुमचं पत्र या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

माळ कसा आहे हे मेंढरांशिवाय समजत नाही. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे उतरतो, पावसाच्या तोंडावर परत फिरतो, मधल्या काळात माळाला विसावा मिळतो. रात्री शेतात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. कुठल्या गावचं पाणी कधी आटतं, कुठल्या उतारावर कोणतं गवत आधी कोवळं होतं, कुठे कुसळ पिकून मेंढराच्या लोकरीत आणि कातडीत घुसायला लागलं की तळ हलवायचा, हे तुमच्या चुलत्या-आज्यांना ठाऊक आहे. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक शोधनिबंधांत मात्र चराई म्हणजे एक आकडा असतो: हेक्टरी किती जनावरं. केव्हा चरली, किती दिवस चरली, परत कधी आली, हे त्या आकड्यात नसतं. गवताच्या दृष्टीने फरक पडतो तो त्यानेच.

तुम्ही पाच-सहा वाड्यांच्या वाटा वर्षभर जीपीएसवर नोंदवल्या, आणि सोबत एखाद्या वनस्पतीतज्ज्ञाने त्या त्या तळांवरचं गवत मोजलं, तर असं काम कुठल्याही चांगल्या गटाला हवं असेल. कच्छच्या बन्नीत याचा नमुना पाहायला मिळतो. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं ते गवताळ रान, तिथे मालधारी म्हशी राखतात, आणि १९६० च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ, स्थानिक भाषेत गांडो बावळ, आता गवत गिळत चालली आहे. अत्री आणि भुजची सहजीवन ही संस्था यांनी मिळून तिथे दीर्घकालीन नोंदींचं एक केंद्र चालवलं. परिसंस्था, अर्थकारण आणि मालधारींचे हक्क यांवर तिथे एकत्र काम झालं. ते वाचा, आणि जमलं तर जाऊन पाहा.

कायद्याचाही एक धागा तुमच्या हातात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत आलेला आहे. दख्खनच्या मेंढपाळांना तो प्रत्यक्षात कितपत मिळाला, याचा अभ्यास म्हणजे एक स्वतंत्र पोस्टडॉक आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. अशा निमित्ताने या विषयाकडे निधी देणाऱ्यांचं लक्ष वळतं, तेव्हा प्रस्ताव लिहायला आता बसा. समाजशास्त्रासाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) पोस्टडॉक्टरल फेलोशिपही आहे. फक्त एक अट स्वतःला घाला: ज्यांच्या वाटा नोंदवाल त्यांना तो नकाशा आधी दाखवा. मेंढरं कुठून जातात हे छापून आल्यावर त्याच वाटेवर कुंपण पडू शकतं.

प्रश्न: मुलीची गवताळ प्रदेशांवरची पीएचडी संपत आली आहे. तिला पोस्टडॉकला जर्मनीला जायचं आहे. आपल्याकडचं गवत अभ्यासायला जर्मनी कशाला? परत आल्यावर उपयोग होईल का?
— एक पालक, नाशिक

उत्तर: गवत शिकायला जर्मनी नको, प्रयोग कसा चालवायचा हे शिकायला मात्र हवी. गवताळ प्रदेशांतले मोठे प्रश्न एका फेलोशिपच्या मुदतीत सुटत नाहीत, म्हणून जुने चालू प्रयोग महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडचा पार्क ग्रास प्रयोग १८५६ पासून अखंड चालू आहे. जर्मनीत येनाला २००२ पासून एकेका वाफ्यात एक, दोन, चार, आठ, सोळा, साठ अशा जाती पेरून जैवविविधतेने गवताचं उत्पन्न आणि माती कशी बदलते ते मोजतात. अमेरिकेत कॅन्ससच्या कोन्झा प्रेअरीवर वेगवेगळी पाणलोट क्षेत्रं दर वर्षी, दोन वर्षांनी, चार वर्षांनी, वीस वर्षांनी अशी ठरवून जाळतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जाळण्याचे तुकडे १९५४ पासून राखले आहेत.

या शेवटच्या ठिकाणी मी काम केलं आहे. जास्त पावसाच्या भागात आग न लागू दिलेला तुकडा झाडाझुडपांनी भरलेला, आणि शेजारी दर वर्षी जळणाऱ्या तुकड्यात त्याच जातींची झाडं गवताच्या उंचीतच अडकलेली, दर वर्षी मुळापासून फुटणारी. मधली रेषा पट्टीने आखावी तशी. हे पाहिल्यावर आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरच्या वणव्यांबद्दल नुसतं ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ असं बोलवत नाही. कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी, किती पावसाच्या भागात, असं विचारावं लागतं. (यावरून कुणी फेब्रुवारीत माळ पेटवू नये. आपल्याकडचा पुरावा आपल्याच जमिनीवर गोळा व्हायचा आहे.) म्हणून मुलीला एवढंच विचारा की तिचा प्रश्न कोणता. जाती वाढल्या की काय होतं, हा असेल तर येना उत्तम. वणवा, चराई आणि झाडोरा हा असेल तर दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमधली सेरादो ही सव्हाना तिला जर्मनीपेक्षा जास्त शिकवतील, आणि तिथलं हवामान, गवतं, समाजाचे प्रश्न आपल्या जवळचे आहेत.

जर्मनीच ठरली तर हुंबोल्ट फेलोशिप पाहा. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत मागता येते, सहा महिने ते दोन वर्षांची असते, विषयाचा किंवा देशाचा कोटा नाही, तिथला यजमान संशोधक मात्र आधी ठरवावा लागतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपला पीएचडी हातात हवी, आणि ज्या देशात जायचं तिथे अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेलं नसावं. तिथे ठरलेल्या मर्यादेच्या खाली गुण पडले तर त्याच संस्थेकडून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणून अर्धाकच्चा प्रस्ताव धाडू नये. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे, आणि त्यात मायदेशी परतण्याची अट असते.

परत येण्याचं विचारलंत. जाण्याआधी इथल्या एखाद्या माळावर तिने आपल्या चौकटी आखून, त्यांची जागा नोंदवून ठेवाव्यात, आणि दर पावसाळ्यानंतर त्या मोजायची व्यवस्था एखाद्या स्थानिक कॉलेजशी करावी. मग परत येताना तिच्या हातात इथलीच काही वर्षांची आकडेवारी असेल. मुलाखतीत तिचा विचार होईल तो त्यावर.

प्रश्न: वय ४३. प्राणिशास्त्रात पीएचडी, मग मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यांत नऊ वर्षं गेली. माळरानातल्या कीटकांवर पुन्हा काम करायचं आहे. उशीर झाला का?
— एक वाचिका, यवतमाळ

उत्तर: नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज पोस्टडॉक्टरल फेलोशिप खास महिलांसाठी आहे आणि वयाची मर्यादा २७ ते ६० आहे. कामातला खंड अर्जात स्वच्छ लिहा, त्याची सफाई देत बसू नका. जवळच्या एखाद्या विद्यापीठात किंवा संस्थेत मार्गदर्शक शोधा म्हणजे घर हलवावं लागणार नाही. आणि विषय फार चांगला निवडला आहे: आपल्या माळावर शेणकिडे, वाळवी आणि नाकतोडे मेंढरांइतकंच काम करतात, पण त्यांच्याकडे पाहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अर्जाआधी एक पावसाळा रानात घालवा. नऊ वर्षांनंतर डोळा परत तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न: लांडग्यांवर पोस्टडॉकचा प्रस्ताव मंजूर होण्याच्या मार्गावर आहे. वनखात्याची परवानगी कशी आणि केव्हा मागायची?
— एक वाचक, जामखेड

उत्तर: आजच मागा, मंजुरीच्या पत्राची वाट पाहू नका. अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे नान्नज, रेहेकुरी, सुपे अशा ठिकाणी, अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडून त्याच्या वाटा नोंदवणारा रेडिओ पट्टा गळ्यात बांधायचा असेल तर कलम १२ लागू होतं, केंद्र सरकारची संमती लागते आणि वेळ बराच जातो. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये पट्ट्यांवर सगळं काम बेतू नका. विष्ठा, पावलांचे ठसे, स्वयंचलित कॅमेरे आणि मेंढपाळांच्या मुलाखती यांवर प्रस्तावाचा कणा उभा करा, पट्टा मिळाला तर वरकड. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैवविविधता कायद्याखालची मान्यता वेगळी, ती मार्गदर्शकाला आत्ताच विचारा.

तुमचे बहुतेक लांडगे मात्र अभयारण्याबाहेर, गायरानात आणि शेतांत असणार. वनजमिनीसाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांना भेटा, गायरानासाठी ग्रामपंचायतीला, खासगी पडासाठी मालकाला. कागद असो वा नसो, वनरक्षक आणि त्या पट्ट्यातल्या वाड्यांचे कारभारी यांना पहिल्याच महिन्यात भेटा. कुठल्या बिळात पिल्लं आहेत हे तुम्हाला तेच सांगणार आहेत, आणि ती जागा तुम्ही कुठेही, अगदी प्रबंधाच्या परिशिष्टातसुद्धा, नेमकी छापू नका. लांडग्यांची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात, तेव्हा कॅमेरे आणि परवाने ऑक्टोबरच्या आत हातात हवेत. जानेवारीत परवाना आला तर पहिला हंगाम गेला, आणि दुसरा हंगाम संपता संपता फेलोशिपही संपते. वेळापत्रक उलटं, डिसेंबरपासून मागे मोजत आखा आणि तेच प्रस्तावाला जोडा.